घोडीच्या चंदीची (दाण्याच्या खुराकाची) वेळ पाळता येत नाही, काय करावं?

फुरसुंगीकर
सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली मारवाडी घोडी आहे, वजन अंदाजे ३५० किलो. आम्ही दोघंही हिंजवडीला कामाला. मगरपट्ट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की सातची चंदी नऊला होते. तोवर ती दारावर टापा मारत असते, आणि दाणा पडला की न चावता गिळते. मोतद्दार, म्हणजे घोडीची देखभाल करणारा माणूस, ठेवणं परवडत नाही.

पागेतला माणूस
चंदीच्या घड्याळाचं सोडा हो, वैरणीचं बघा. घोड्याचं जठर लहान आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरतं, खाल्लं काय नि न खाल्लं काय. पोट तासन्‌तास रिकामं राहिलं की व्रण होतात, पोटशूळही उठतो. त्यात घोड्याला ओकता येत नाही, म्हणून अधाशासारखं खाणं जास्त धोक्याचं.

तुमच्या घोडीला रोज ६-७ किलो सुकं गवत लागेल. निम्मं सकाळी निघताना बारीक भोकांच्या जाळीत भरून टांगा, खूर अडकणार नाही इतकं उंच. एकेक काडी ओढत बसेल. मग चंदीला उशीर झाला तरी दार शाबूत राहील.

चंदी तराजूवर तोला, डब्याने नको. डबाभर हरभरा आणि डबाभर कोंडा यांच्या वजनात फार फरक. एका वेळी दीड किलोच्या वर दाणा नको. गव्हाणीत दोन मोठे गुळगुळीत गोटे ठेवा, दाणे शोधत खाईल.

वरातवाला, हडपसर
लग्नसराईत आमची वेळ नवरदेवाच्या मित्रांच्या नाचावर! घोडी आली की आधी अंग निवू देतो, पाणी, गवत, आणि चंदी तासाभराने. कोंडा मात्र बेताने घाला. त्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. नुसत्या कोंड्यावर हाडं कमजोर होतात. सोबत थोडा लसूणघास द्या.

फुरसुंगीकर
जाळीत ज्वारीचा कडबा चालेल का? घरचाच आहे.

पागेतला माणूस
वाळलेला असेल तर थोडा, गवतात मिसळून. बुरशीचा वास आला तर उकिरड्यावर. कोवळी हिरवी ज्वारी मात्र दाखवूसुद्धा नका, त्यात सायनाइडचं विष असतं. आणि जे काही बदलाल ते आठ-दहा दिवसांत हळूहळू. मधेच लीद पातळ झाली की तिथेच थांबा.