मदत हवी आहे: रोजच्या लहान निर्णयांची रात्रीची तपासणी

जय ख्रिस्त. तरुण संघासाठी चार आठवड्यांचा सराव आखत आहे. पाया बायबलमधील लूक 16:10 (जो थोडक्यात विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू) आणि दानिएल 1:8 (राजाच्या अन्नाने व द्राक्षारसाने स्वतःला विटाळायचे नाही हा दानिएलाचा निश्चय). दानिएलाला टाकले ती सिंहांची गुहा सहाव्या अध्यायात येते, पण पहिल्या अध्यायातला निर्णय फक्त खाण्यापिण्याचा होता. हा क्रम मुलांना नीट दिसायला हवा.

पद्धत येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची, पाच पायऱ्यांची: उपकारस्तुती, पाप ओळखण्यासाठी कृपा मागणे, दिवसाचा तासातासाने आढावा, क्षमायाचना, उद्यासाठी निश्चय. वेळ 10 ते 15 मिनिटे, अंथरुणात न पडता बसून, फोन दुसऱ्या खोलीत.

अडचण तिसऱ्या पायरीवर येते. सगळा वेळ तिथेच जातो, चुकांची यादी लांबते आणि क्षमायाचना उरकली जाते. म्हणून आढाव्यात तीनच निर्णय घ्यायचे असा विचार आहे: एक बोलण्यातला, एक पैशाचा, एक वेळेचा. निश्चयही एकच, आणि तो मोजता येईल असा. ‘उद्या प्रेमाने वागेन’ हे दुपारपर्यंत विरून जाते. ‘रागाच्या मेसेजला प्रार्थना केल्याशिवाय उत्तर देणार नाही’ हे टिकते.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तीनची मर्यादा घातल्याने एखादे मोठे पाप सोयीस्करपणे बाजूला राहील का? आणि ज्यांचे मन आधीच दोषभावनेने पोखरलेले आहे (हे तर मला जास्त महत्त्वाचे वाटते), त्यांच्यासाठी आढावा आठवड्यातून एकदाच, पाळकांसोबत बसून ठेवावा का? ज्यांनी असा सराव चालवला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.