घर तारण ठेवून लोन : व्याज सोडून वरचा खर्च किती धरायचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, गुहागरजवळ आमचं चिऱ्याचं घर आहे, मागची पडवी पाडून होमस्टेला दोन खोल्या काढायच्यात म्हणून घरावर १२ लाख घ्यायचं चाललंय. बाबा गेल्यावर वारसनोंद झाली, आता आई, मी आणि डोंबिवलीची ताई अशी तिघींची नावं आहेत. बँक १०.५ टक्के फ्लोटिंग (म्हणजे बदलता दर) म्हणतेय, १० वर्षांना हप्ता साधारण १६,२००. जमेल म्हणून मी खुशीत होते.

काल त्यांच्या माणसाने व्हॉट्सअपवर खर्चाचा कागद पाठवला. प्रोसेसिंग फी १ टक्का, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४,१६० तिथेच गेले आणि लोन नाही झालं तरी ते परत नाहीत. मग वकिलाचा सर्च रिपोर्ट (घराची मालकी, बोजा तपासल्याचा), व्हॅल्युएशनवाला चिपळूणहून येणार त्याचे वेगळे, स्टॅम्प ड्युटी, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात 'लोन प्रोटेक्ट ४८,०००', म्हणजे कर्ज घेणाऱ्याचा विमा. विचारलं तर म्हणे मॅडम कंपल्सरी आहे, पण खिशातून नाही जाणार, लोनमध्येच अ‍ॅड करू. अरे मग खिसा कोणाचा? हप्ता जड वाटला तर १५ वर्षं करा, हे वर.

हे खरंच कंपल्सरी असतं का? आणि दोन सीझन चांगले गेले तर आधीच फेडून टाकायचा विचार आहे, त्याला दंड लागतो का?

प्रतिसाद १ :
विमा कंपल्सरी वगैरे काही नाही, लेखी द्या म्हणा, गप्प बसेल. घराचा आगीचा विमा बँका मागतात, तो वेगळा आणि स्वस्त. ते ४८ हजार लोनमध्ये घातले की १० वर्षांत ७७ हजारांच्या वर भराल. १५ वर्षांच्या नादाला तर लागूच नका, हप्ता ३ हजारांनी उतरतो पण व्याज साडेसात लाखांचं बारा लाखांच्या घरात जातं. की फॅक्ट स्टेटमेंट (लोनच्या अटी-खर्चाचा बँकेचा कागद) मागा, त्यात सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो, दोन बँकांची तुलना त्यावर करायची, नुसत्या व्याजदरावर नाही. आणि लोन झालं की नोटीस ऑफ इंटिमेशन (घर तारण ठेवल्याची नोंदणी कार्यालयाला सूचना) ३० दिवसांत फाईल करायची, एजंटच्या भरवशावर राहू नका.

प्रतिसाद २ :
होमस्टे म्हणजे धंद्याचं लोन धरतात, त्याला पूर्वी फोरक्लोजर चार्ज (आधी फेडल्याचा दंड) लावायचे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या फ्लोटिंग लोनवर व्यक्तीला तो लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पतसंस्थेकडे जाणार असाल तर मात्र आधी विचारून घ्या. फेडल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत मिळाले पाहिजेत, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० भरपाई. ताईंची सही लागेलच, त्यांच्याशी बोललात का?

धागाकर्ती :
धन्यवाद दोघांनाही! ताईला अजून सांगितलेलंच नाही हो. गणपतीला येणार आहे, मोदक झाल्यावर विषय काढते.