मदत हवी आहे: फेंटनने हार्मोन तुटतंय की नुसतं गायब होतंय?

तर्रीपोहे
नमस्कार मंडळी. नागपुरात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय पर्यावरण रसायनशास्त्र. प्रकल्प आहे सांडपाण्यातलं एथिनिल एस्ट्रॅडिओल फेंटन पद्धतीनं (लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिळून) तोडण्याचा. गर्भनिरोधक गोळ्यांमधलं हे कृत्रिम इस्ट्रोजेन. पुढे नुसतं ईई२ म्हणते.

'एवढुशा गोळीनं नदीला काय होतं बाप्पा?' हे घरी विचारून झालंय, म्हणून आधीच सांगते. कॅनडात ओंटारिओमधल्या लेक २६० या प्रायोगिक तळ्यात २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे ईई२ मुद्दाम सोडलं होतं. पातळी लिटरला ५-६ नॅनोग्रॅम. नर माशांच्या अंगात अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार व्हायला लागलं आणि तिथल्या फॅटहेड मिनो जातीच्या छोट्या माशांची संख्या जवळपास संपली. आपली नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान पुढे वैनगंगेला. तिथे मासेमारीवर घरं चालतात.

आता अडचण. लिटरला १ मिलिग्रॅम ईई२, पीएच ३, लोह १० मिलिग्रॅम (हिराकस, द्रावण रोज ताजं), हायड्रोजन पेरॉक्साइड ५० मिलिग्रॅम. नमुना काढला की सोडियम सल्फाइट घालून प्रक्रिया थांबवते आणि एचपीएलसीवर (मिश्रणातली रसायनं वेगळी करून मोजणारं यंत्र) फ्लुओरेसन्स डिटेक्टरनं मोजते. डिस्टिल्ड पाण्यात तासाभरात जेमतेम पाव भाग ईई२ जातं. वसतिगृहाच्या एसटीपीतून (सांडपाणी शुद्धीकरण प्लांट) बाहेर पडणाऱ्या पाण्यात मात्र नव्वद टक्के जातं! घाण पाण्यात प्रक्रिया मंदावायला हवी, इथे उलटी गंगा वाहून राहिली. गाइड मॅडम म्हणतात आलेख छान आलाय, लिहून टाक. माझं मन घेत नाही. कुणी सांगेल का, काऊन होत असेल असं?

जुना_केमिस्ट
मन घेत नाही ते बरंच आहे. तीन गोष्टी सांगा. ईई२ विरघळवलं कशात? नमुने कशातून गाळले? आणि पेरॉक्साइड न घालता हाच प्रयोग केलात का?

तर्रीपोहे
काका, ईई२ पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून मिथेनॉलमध्ये लिटरला १ ग्रॅमचा स्टॉक केलाय. त्यातला १ मिली एका लिटरला. सांडपाण्याचे नमुने नायलॉनच्या ०.४५ मायक्रॉन सिरिंज फिल्टरनं गाळते. डिस्टिल्डचे स्वच्छच असतात, ते थेट टाकते. पेरॉक्साइडशिवाय नाही केला.

जुना_केमिस्ट
मग दोन्ही आकडे फसवे आहेत, आणि दोन वेगळ्या कारणांनी.

आधी डिस्टिल्ड. फेंटनमध्ये काम करतो पेरॉक्साइडमधून निघणारा हायड्रॉक्सिल रॅडिकल, आणि तो समोर जे सापडेल त्यावर तुटून पडतो. १ मिली मिथेनॉल म्हणजे ०.७९ ग्रॅम, लिटरला साधारण २५ मिलिमोल. तुमचं ईई२ लिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे ३.४ मायक्रोमोल. ईई२ च्या एका रेणूमागे मिथेनॉलचे सात हजारांवर रेणू झाले. रॅडिकलला ईई२ दहापट जास्त आवडतं असं धरलं तरी सातशेला एक उरतो. सातशे बिनबोलावलेले पाहुणे पंगतीत बसवल्यावर नवरदेवाच्या पानात काय पडणार? पाव भाग गेलं हेच पुष्कळ.

उपाय सोपा आहे. स्टॉकचा तेवढा भाग आधी कोरड्या फ्लास्कमध्ये घ्या, नायट्रोजनच्या हलक्या झोतानं मिथेनॉल उडवून टाका, मग पाणी घालून रात्रभर ढवळत ठेवा. लिटरला १ मिलिग्रॅम विरघळायला हरकत नाही. अगदीच जमलं नाही तर स्टॉक ॲसिटोनायट्रिलमध्ये करा, ते रॅडिकल पुष्कळ कमी खातं. पण उडवणंच उत्तम.

आता सांडपाणी. तिथेही मिथेनॉल आहेच, मग नव्वद टक्के तुटलं कसं? माझा संशय फिल्टरवर. नायलॉनला इस्ट्रोजेन्स झकास चिकटतात. काहीच प्रक्रिया न केलेला नमुना त्याच फिल्टरमधून काढा, मग फिल्टर थोड्या मिथेनॉलनं धुवा आणि दोन्ही मोजा.

घाटरस्ता
मी यातला नाही, पण एवढा खटाटोप करण्यापेक्षा शेवटी क्लोरीन मारतातच ना?

हिरवीमिरची
@घाटरस्ता, प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल-ए घ्या, तेही ईई२ सारखं हार्मोनची नक्कल करणारं; क्लोरीननं त्याचे क्लोरीन लागलेले भाऊबंद तयार होतात, आणि त्यांतल्या काहींना हार्मोनसारखं वागण्याची खोड असते. मूळ नाव यादीतून जातं, उपद्रव राहू शकतो.

तर्रीपोहेताई, हाच धागा तुमच्यासाठीही. ईई२ चं पूर्ण कार्बन डायऑक्साइड व्हायलाच हवं असं नाही. पेशीतल्या इस्ट्रोजेन रिसेप्टरला धरतं ते त्याचं फिनॉलचं कडं, आणि रॅडिकलही आधी बहुधा त्याच कड्यावर हल्ला करतो. कडं मोडलं की हार्मोनपणा बराच उतरतो. पण 'बराच' म्हणजे किती, ते एचपीएलसीचं शिखर सांगत नाही. त्यासाठी यीस्टवरची इस्ट्रोजेन चाचणी असते, १९९६ पासून वापरात आहे. बायोटेकवाल्या कुणाशी ओळख काढा.

सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) काढणार असाल तर उरलेलं पेरॉक्साइड आधी मारा. ते चाचणीतलं डायक्रोमेट खातं आणि सीओडी फुगवून दाखवतं. यात भलेभले फसलेत.

तर्रीपोहे
करून आले. काका, तुमचा संशय खरा! प्रक्रिया न केलेलं सांडपाणी नायलॉनमधून काढलं तर ईई२ चं शिखर जवळजवळ सपाट. फिल्टर मिथेनॉलनं धुतला तर परत टेकडीसारखं उभं. सगळं फिल्टरमध्येच बसलेलं होतं.

आता गाळणं बंद, सेंट्रिफ्यूज करते. मिथेनॉल उडवून केलेल्या डिस्टिल्डमध्ये पहिल्या नमुन्यातच ईई२ सापडत नाही. सांडपाण्यात हळूहळू उतरतं, तासाअखेर निम्मं उरतं. पेरॉक्साइड घातलं नाही तर ईई२ जवळपास तेवढंच राहतं. हे मला पटतं, पण मॅडमना नव्वदचा आलेख आवडला होता. असो.

सांडपाण्यात मंदावतं ते बायकार्बोनेटमुळे ना?

जुना_केमिस्ट
पीएच ३ ला बायकार्बोनेट उरतंच कुठे? आम्ल घातल्याबरोबर फसफसून कार्बन डायऑक्साइड होऊन गेलं. तुमचे रॅडिकल खातायत ते पाण्यातले विरघळलेले सेंद्रिय पदार्थ, थोडं क्लोराइडही. पेरॉक्साइड एकदम न घालता तीन-चार हप्त्यांत घालून पाहा. बाटलीचं परमँगनेटनं टायट्रेशन केलंय का? उघडी-झाकी करत नागपूरचा मे महिना काढलेली ३० टक्क्यांची बाटली ३० ची राहत नाही.

मॅडमना तिन्ही आलेख एकाच पानावर द्या: फिल्टरचा, पेरॉक्साइडशिवायचा आणि खरा. वाद घालू नका, पान बोलेल.

तर्रीपोहे
टायट्रेशन उद्याच. शेवटचा प्रश्न. तोंडी परीक्षेत नक्की विचारतील की हे मोठ्या प्लांटला परवडेल का. नागपूरच्या भांडेवाडी प्लांटचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, तसल्या प्रमाणावर?

हिरवीमिरची
पीएच ३ वालं नाही परवडणार, सरळ सांगा. दिवसाला १० कोटी लिटर धरा. लिटरला १० मिलिग्रॅम लोह म्हणजे रोज १ टन लोह, हिराकसच्या हिशेबात साधारण ५ टन. वर सगळं पाणी आधी आंबट करायचं, मग चुन्यानं परत उदासीन करायचं, आणि लोहाचा तांबडा गाळ वाहून न्यायचा.

स्वित्झर्लंडनं म्हणूनच ओझोन आणि सक्रिय कार्बनचा रस्ता धरला. डुबेनडॉर्फच्या नॉयगुट प्लांटवर २०१४ पासून ओझोन चालू आहे आणि २०१६ पासून देशातल्या निवडक प्लांटांना कायद्यानं हा टप्पा लावला. ओझोन फिनॉलच्या कड्यावर उदासीन पाण्यातही झटपट काम करतो. वीज खातो, आणि पाण्यात ब्रोमाइड असेल तर घातक ब्रोमेट होतो, हेही सांगा.

फेंटनची बाजू घ्यायचीच असेल तर लोहाला ऑक्झॅलेट किंवा सायट्रेटनं धरून ठेवा आणि बीकर उन्हात ठेवा. पीएच ५-६ पर्यंत लोह खाली बसत नाही आणि प्रकाश त्याला परत फेरस (पेरॉक्साइडशी काम करणाऱ्या) रूपात आणतो. ईडीडीएस (लोह धरून ठेवणारं तसलंच रसायन) मिळालं तर उदासीन पाण्यातही चालतं, पण महाग. आधी सायट्रिक ॲसिडवर पाहा. फक्त ते स्वतःही रॅडिकल खातं, तेव्हा मिथेनॉलसारखं सढळ हातानं ओतू नका. अंधारातला एक बीकर शेजारी ठेवा, आणि उन्हातला बर्फाच्या ट्रेमध्ये, नाहीतर उष्णतेनं किती झालं आणि प्रकाशानं किती, यावर मॅडम परत अडवतील.

तर्रीपोहे
ट्रेचं डोक्यातच नव्हतं. सायट्रेटचे आकडे आले की इथेच टाकते. पुढचा आठवडा ढगाळ दिसतोय, थोडा वेळ लागेल.