कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतला वाडा : बिल्डरच्या आधी पूर

शुक्रवार पेठेतला जुना वाडा वारसांनी बिल्डरच्या पैशासाठी पाडला, असं म्हणतात; ते अर्धंच खरं. व्यवहार झाला, पण त्याआधी पंचगंगेनं तिचं काम केलं होतं. नदीचं पाणी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. वाड्याचं जोतं काळ्या घडीव दगडाचं, ते ढिम्म हललं नाही. वरच्या भिंती मात्र पांढऱ्या मातीच्या. एरवीचं पाणी दगडाच्या वर चढायचं नाही, या वेळी माती भिजली. त्यात मागे कुणीतरी हौसेनं सिमेंटचा गिलावा मारलेला, त्यामुळं आतली ओल बाहेरच पडेना. भिंतींना पोट आलं.

आम्ही वाड्याच्या मागच्या सोप्यात भाड्यानं राहायचो. भाडं इतकं जुनं, की त्यात कौलंसुद्धा चाळून झाली नसती. मालकांना शिव्या घालताना तेवढं धरा. सागवानी खांब, तुळया, दिंडी दरवाजा सगळं जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं आधी उचललं, मग जेसीबी आला. वाड्यातल्या चौकाचे फोटो कुणीतरी मागितलेत. माझ्याकडं लग्नातले आहेत, माणसंच जास्त, पण एकात तळखड्याची, म्हणजे खांबाखालच्या दगडाची, नक्षी स्वच्छ दिसते. स्कॅन करून टाकतो.