मदत हवी आहे: जॉब्ज-गेट्स शॉर्टफिल्ममधला गर्दीचा सीन

मंडळी, स्टीव्ह जॉब्ज आणि बिल गेट्स यांच्या खडाजंगीवर शॉर्टफिल्म करतोय. १९८३ मध्ये विंडोजची घोषणा झाल्यावर 'आमचं चोरलंस' म्हणून जॉब्ज भडकतो आणि गेट्स थंडपणे 'मूळ कल्पना झेरॉक्स कंपनीची, दोघांनीही तिथूनच उचलली' असं सुनावतो, तो सीन मस्त जमलाय. (ॲपलच्या मॅक टीममधल्या अँडी हर्ट्झफेल्डच्या आठवणींतला आहे, थोडा मीठमसाला खपेल.)

गाडं अडलंय १९९७ च्या बोस्टनमधल्या मॅकवर्ल्ड (ॲपलवाल्यांचा मेळावा) सीनपाशी. व्यासपीठावर जॉब्ज, मागे अवाढव्य पडद्यावर गेट्स, मायक्रोसॉफ्टची ॲपलमध्ये १५ कोटी डॉलरची गुंतवणूक आणि प्रेक्षकांतून हुर्यो! एवढी गर्दी आणायला पैसे नाहीत. नुसता आवाज आणि जॉब्जचा चेहरा यावर भागेल का?

शिवाय जुना सीआरटी (काचेच्या पिक्चर ट्यूबचा) मॉनिटर शूट करताना त्यावर काळे पट्टे सरकतात. कॅमेऱ्याचा शटर स्पीड किती ठेवायचा? कुणी केलंय का?