होमोसिस्टीनच्या नावाने बायकांना घाबरवणं थांबवा

धंतोलीकर: होमोसिस्टीन म्हणजे रक्तातलं एक अमिनो आम्ल; बी१२ जीवनसत्त्व किंवा फॉलिक कमी पडलं की ते वाढतं. काल एकीने लिहिलं, "दिवस राहण्याआधी होमोसिस्टीन तपासाच, १५ च्या वर गेलं की गर्भ टिकत नाही." ते वाचून माझ्या वहिनीची झोप उडाली. वारंवार गर्भपात, प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढणं), वार म्हणजे प्लासेंटा आधीच सुटणं, या बायकांत होमोसिस्टीन जास्त सापडतं, मान्य. पण त्यामुळेच ते झालं, हे ठरलेलं नाही. गरोदरपणात ही पातळी मुळातच उतरते, म्हणून लॅबच्या कागदावरची ५ ते १५ ची रेंज गर्भवतीला जशीच्या तशी लावता येत नाही. न्यूरल ट्यूब, म्हणजे बाळाचा मेंदू अन् मज्जारज्जू जिच्यातून बनतो ती नळी, गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, तेव्हा अनेकींना दिवस राहिल्याचा पत्ताही नसतो. म्हणून ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड आधीपासून घ्या. त्याला रिपोर्ट लागत नाही.

नंदनवनची ताई: सांगणं सोपं आहे, दादा. फॉलिक मी घेतच होते, तरी लागोपाठ गर्भ पडले. होमोसिस्टीन ३१ आलं म्हणून बी१२ पाहिलं, तर तेही तळाला. इंजेक्शनं घेतली, आज पोरगी केजीत आहे. तो कागद नसता तर घरच्यांनी खापर माझ्याच डोक्यावर फोडलं असतं.

लॅबवाला: ताई, तुमचं खरं असेल, पण ही ट्यूब लगेच बर्फात ठेवून तासाभरात सेंट्रिफ्यूजला, म्हणजे रक्तपेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्राला, लावावी लागते. नाहीतर लाल पेशींतून होमोसिस्टीन बाहेर येत राहतं अन् आकडा फुगतो. मे महिन्यात मानेवाड्याहून स्कूटरच्या डिक्कीत आलेली ट्यूब मी पाहिली आहे. हात लावला तर गरम.

नंदनवनची ताई: माझं रक्त लॅबमध्येच काढलं होतं. आणि बी१२ काय डिक्कीत कमी झालं?

इतवारीवाला: बी१२ अंडी-मटणातून मिळतं, ते खाल्लं असतं तर ही वेळच आली नसती. पण घरात अंडं आणलं की भांडी वेगळी!

महालची सून: काहून घरावर घसरता? आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार आहे, दूध-दही रोज असतं. बाळंतपणं काय झाली नाहीत?

इतवारीवाला: झाली, अन् बायका थकल्याही. पाणी घातलेलं ताक म्हणजे दूध नव्हे. घरात दूध येतं, पण सुनेच्या वाट्याला चहापुरतंच. हे मी माझ्या आईचं पाहिलंय.

महालची सून: तुमच्या आईचं वाईट वाटतं. पण त्यासाठी माझ्या सासूला आरोपी करू नका.

नंदनवनची ताई: भांडण सोडा, हे वाचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या अभ्यासात, आईचं फोलेट (रक्तातलं फॉलिक) जास्त आणि बी१२ कमी, अशा मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद न देणं) जास्त दिसला. सरकारी लोहगोळीत ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक. बी१२ नाही. आमच्यासारख्या शाकाहारी बाईने नुसतं फॉलिक किती काळ गिळायचं?

धंतोलीकर: बरं, शाकाहारी बाईने बी१२ तपासावं, एवढं मानतो. होमोसिस्टीन सगळ्यांनी तपासावं, हे अजूनही मानत नाही. एसीओजी ही अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही रक्त गोठण्याचे दोष शोधताना ही तपासणी सुचवत नाही.

नंदनवनची ताई: सगळ्यांनी करा असं मी म्हटलंच नव्हतं. पण जिचे गर्भ पडतायत तिला "फॉलिक घ्या अन् गप्प बसा" सांगू नका. आणि वहिनींचं बी१२ या आठवड्यातच पाहून घ्या.