साडेतीन वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, आणि घरात रोज कूट. कसं निभवायचं?

बार्शीकर_आई

नमस्कार. संक्रांतीला नणंदेकडे मुलाने तिळगुळाचा लाडू खाल्ला आणि पंधरा-वीस मिनिटांत ओठ सुजला, पोटा-पाठीवर गांध्या उठल्या. पित्त उठलं असेल म्हणून सासूबाईंनी आमसुलाचं पाणी लावलं, तासाभरात उतरलं. मागच्या आठवड्यात भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी खाल्ली, तेव्हा मात्र गांध्यांबरोबर उलट्या झाल्या, खोकला लागला आणि आवाज बसला. इथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी दिसतेय, मोठ्या ठिकाणी तपासून घ्या म्हणाले.

आमच्याकडे सकाळच्या भाजीपासून रात्रीच्या कोशिंबिरीपर्यंत सगळ्यात कूट. चतुर्थी, एकादशी दोन्ही धरतो. सासूबाई म्हणतात, रोज चिमूटभर दिलं की अंगवळणी पडेल. त्यांचा नातवावर फार जीव आहे, त्यांना दुखवायचं नाहीये. जूनमध्ये शाळा सुरू होईल. धाकटी सात महिन्यांची आहे, तिलाही शेंगदाणा देऊच नये का? कुणाच्या घरात असं मूल असेल तर सांगा. मला झोप लागत नाहीये.

कृष्णाकाठची

ताई, माझ्या मुलीला दुसऱ्या वर्षी हेच निघालं. आता ती अकरा वर्षांची आहे, शाळेत जाते, सहलीला जाते, लग्नांत जेवते. म्हणून आधी एवढं सांगते की घर यातून नीट उभं राहतं.

सासूबाईंच्या चिमटीचं आधी बोलू, कारण ते आजपासून थांबायला हवं. थोडं थोडं देऊन सवय करण्याचा उपचार खरंच आहे. पण तो मिलिग्रॅममध्ये मोजून, दवाखान्यात, डॉक्टर समोर असताना सुरू करतात आणि मात्रा वाढवायचीही तिथेच. घरातली चिमूट कुणी मोजत नाही. मुलाला सर्दी-ताप असेल किंवा खाल्ल्याबरोबर तो धावला-खेळला, तर एरवी चाललेली मात्राही त्या दिवशी जोरात उठू शकते. माझ्या सासूबाईंना मी समजावत बसले नाही, डॉक्टरांकडे सोबत घेऊन गेले. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि त्यानंतर घरात माझ्यापेक्षा त्याच कडक झाल्या. तुम्हीही त्यांना घेऊनच जा.

तपासणीला जाताना संक्रांतीच्या लाडवाचं आठवणीने सांगा. त्यात तीळही होता. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या काही मुलांना तिळाचीही असते, तेव्हा दोन्हीची चाचणी करून घ्या. त्वचेवर थेंब टाकून हलकं टोचतात, पंधरा मिनिटांत फोड किती उठला ते मोजतात. खाजेची, सर्दीची गोळी चालू असेल तर ती काही दिवस आधी बंद करावी लागते, नाहीतर चाचणी खोटी येते. किती दिवस ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. रक्तात शेंगदाण्याची आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारी अँटीबॉडी) बघतात. तो आकडा मोठा आला म्हणून पुढची रिअ‍ॅक्शन मोठी येणार किंवा लहान आला म्हणून लहान येणार, असं नसतं. आणि कुणी शंभर-दीडशे पदार्थांची आयजीजीची (ही वेगळी अँटीबॉडी) यादी काढून देतो म्हणालं तर त्यात पैसे घालू नका. आयजीजी एवढंच सांगते की तो पदार्थ तुम्ही खात आलात. अशा यादीवरून दूध, गहू, डाळी सगळं बंद करून वाळलेली मुलं मी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं.

आता स्वयंपाकघर. माझं मत स्पष्ट आहे: मूल स्वतः 'मला चालत नाही' म्हणायला शिकेपर्यंत घरात शेंगदाणा नको. बाकीच्यांना खायचा असेल तर बाहेर खावा आणि घरी येऊन साबणाने हात धुवावेत. सॅनिटायझरने शेंगदाण्याचं प्रोटीन निघत नाही, साबण-पाणीच लागतं. वेगळा डबा, वेगळा चमचा असं करून बघणारे पुष्कळ आहेत, पण आपल्या घरांत तो चमचा कधी ना कधी साखरेत जातोच.

डबा रिकामा केला की काम संपलं असं नाही. मिक्सरच्या भांड्याचं झाकण उघडा आणि त्याची रबरी रिंग सुईने उचलून बघा. माझ्या रिंगखाली पिवळट, तेलकट, घट्ट बसलेला थर निघाला होता, वर्षानुवर्षांच्या कुटाचा. पात्याखालच्या फटीतही तसाच. मी चटणीचं भांडंच बदललं. दगडी खलबत्त्याच्या छिद्रांत दाणा मुरलेला असतो, तो जावेकडे दिला. लाकडी पळी, खिसणी, चाळणी, सगळं असंच तपासा.

तेलाचं बघा. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रोटीन जवळजवळ उरत नाही, पण घाण्याच्या तेलात राहतं. तुमच्या भागात घाण्याचंच तेल आवडीने आणतात. आम्ही सरळ करडईवर आलो.

कुटाच्या जागी काय, हा प्रश्न मलाही डोंगराएवढा वाटला होता. भरल्या वांग्याला सुकं खोबरं आणि भाजलेलं डाळं. तुमचा मुलगा हरभऱ्याची डाळ, बेसन आधीपासून खात असेल तर डाळं सहसा चालतं, तरी डॉक्टरांना विचारून घ्या. कोशिंबिरीला ओलं खोबरं. चटणी जवसाची किंवा कारळ्याची, तीही डॉक्टरांना विचारूनच. साबुदाण्याची खिचडी बटाटा, जिरं, ओल्या खोबऱ्याची करते. दाणे नसल्याने ती चिकट होते, म्हणून साबुदाणा कमी पाण्यात भिजवते आणि तुपावर परतते. वरईबरोबर दाण्याच्या आमटीऐवजी ताकाची कढी. मुलीला तीच चव माहीत आहे, तिला काही कमी वाटत नाही.

बाहेरच्या पाकिटावर अ‍ॅलर्जीचे घटक लिहिणं फूड सेफ्टीच्या २०२० च्या नियमांनी बंधनकारक केलंय, त्यात शेंगदाणा येतो. पाकीट दर वेळी वाचायचं, कारण तोच माल नव्या घटकांनी येतो. सुटं फरसाण, चिवडा, भेळ, गुडदाणी बंद. सुटी काजूकतलीही नको, स्वस्त काजूच्या मिठाईत शेंगदाण्याची पूड घालतात.

आणि आरतीचा प्रसाद! खिरापतीत, पंचखाद्यात, उपवासाच्या लाडवात कुठेही दाणा असू शकतो, आणि प्रसादाला नाही म्हणायचं नसतं असं आपणच मुलांना शिकवलेलं असतं. आमच्या गल्लीत मी गणपतीच्या आधीच मंडळातल्या बायकांना भेटून आले. आता तिच्यासाठी खडीसाखर आणि केळं वेगळं ठेवतात, तेही आधी हात धुऊन. लोक ऐकतात, ताई. मूल निळं पडू शकतं असं सरळ सांगितलं की कुणी हसत नाही.

धाकटीचं मात्र उलटं आहे. लंडनमध्ये ६४० बाळांवर एक अभ्यास झाला, २०१५ साली छापून आला. चार ते अकरा महिन्यांची, खूप एक्झिमा (कातडी कोरडी, लाल होऊन खाजणं) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली बाळं होती. ज्यांना तेव्हापासून नियमित शेंगदाणा दिला त्यांच्यात पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जी कितीतरी कमी निघाली. म्हणजे भीतीने बंद ठेवणं तिच्या फायद्याचं नाही. पण भावाला आहे, म्हणून घरी प्रयोग नको. तिच्या कातडीला एक्झिमा आहे का ते दाखवा, डॉक्टर म्हणतील तेव्हा आणि तिथेच पहिला घास द्या. घरी चालू ठेवायला सांगितलं तर भाऊ झोपलेला असताना, वेगळ्या वाटीत. अख्खा दाणा कधीच नाही, घशात अडकतो. पातळ केलेलं बारीक कूट.

वॉर्डातली_ताई

मी ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. वर सगळं बरोबर लिहिलंय, मी फक्त इंजेक्शनचं लिहिते.

दुसऱ्या वेळी गांध्या + उलट्या + खोकला + आवाज बसणं, या सगळ्याला मिळून अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात, म्हणजे जिवावर बेतू शकणारी अ‍ॅलर्जी. तिथे अ‍ॅलर्जीच्या गोळीवर किंवा सिरपवर थांबायचं नाही. त्याने खाज जाते, श्वास सुटत नाही. औषध एकच, अ‍ॅड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. परदेशात पेनसारखं तयार इंजेक्शन मिळतं, आपल्याकडे ते सहज मिळत नाही. म्हणून डॉक्टरांकडून १ मिलिची अँप्युल (औषधाची काचेची छोटी कुपी), सिरिंज आणि तुमच्या मुलाच्या वजनाचा डोस कागदावर लिहून घ्या. किलोला ०.०१ मिलिग्रॅम असा हिशेब असतो, पण डोस त्यांनीच लिहायचा. अँप्युल फोडणं, औषध ओढणं त्यांच्यासमोर साध्या पाण्यावर करून बघा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने.

दिल्यावर मुलाला आडवं झोपवा, पाय उंच. धाप लागत असेल तर बसवा. उचलून उभं करू नका, चालवू नका. १०८ लावा. पाच ते पंधरा मिनिटांत उतार नसेल तर दुसरा डोस लागतो, म्हणून अँप्युल दोन ठेवा. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, काही तासांनी परत उठू शकतं. अँप्युल उजेडात, गाडीच्या डिकीत ठेवू नका. रंग तपकिरी दिसला की बदला.

पंगतवाला

केटरिंग करतो. लग्नात पंगतीत वाढप्याला विचारून उपयोग नाही, त्याला माहीत नसतं. सकाळी फोडणी पडायच्या आधी आचाऱ्याला गाठा. आमच्याकडे कूट बादलीने असतं आणि भाज्यांना एकच झारा फिरतो. ज्या कढईत साबुदाणा वडा तळला त्याच तेलात पापड, भजी. आधी सांगितलंत तर वरण-भात आणि पुऱ्या वेगळ्या काढून झाकून ठेवतो. कुणालाही त्याचा त्रास वाटत नाही. पण चटणी-कोशिंबीर कुणी कितीही सांगितलं तरी त्याच्या पानात नको.

बार्शीकर_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. रबरी रिंग आत्ता काढून बघितली. खरंच होतं. सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं, त्यांनी स्वतः डबा उचलून शेजारी दिला आणि सोमवारी सोबत येतो म्हणाल्या. एकच विचारायचं राहिलं. शाळेत अँप्युल ठेवायची तर बाई टोचायला घाबरतील, मग?

वॉर्डातली_ताई

घाबरतील. म्हणून डॉक्टरांकडून मराठीत एका पानावर लिहून घ्या: मुलाचा फोटो, कोणती लक्षणं, किती डोस, कुणाला फोन. ते पान, औषध आणि सिरिंज एका पिशवीत, कुलुपाबाहेर. शाळा सुरू व्हायच्या आधी मुख्याध्यापक आणि वर्गाच्या बाई दोघांना भेटा, एकदा पाण्याने भरून दाखवा. जवळच्या दवाखान्यातली नर्स बोलावलीत तर ती येऊन शिकवते, मी आमच्या गावच्या शाळेत हेच करते. आणि डबा वाटून खायचा नाही हे वर्गातल्या सगळ्या मुलांना बाईंनी सांगायचं, एकट्या त्याला नाही.